बरडावरची विहीर

चुलीवर चहाचं आधण चढलं की रुख्मिणीच्या शेळ्या ओरडायला लागत. घर जागं झालं, आता कोणीतरी आपल्याकडे पाहील, एवढं त्यांना कळत होतं. पूर्वी या वेळेला त्या गावाबाहेरच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी पडीक जमिनीवर, चरायला निघालेल्या असत. मागच्या सालापासून तिथे सौर विजेच्या काळ्या काचा उभ्या राहिल्या, भोवती तारेचं कुंपण आलं आणि शेळ्या अंगणातल्या खुंट्याला लागल्या. तेव्हापासून रुख्मिणीच डोक्यावर पाला वाहत होती. दुसऱ्याच्या धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची बाभूळ, नाहीतर सुबाभूळ. विळा लावते न लावते तोच कोणीतरी ओरडायचं, "चाल हट वं बुढे!" आताशा ओरडणाऱ्याला उत्तर द्यायचाही तिला कंटाळा येई. विळा कमरेला खोचून ती पुढच्या धुऱ्याला लागे.

त्या रविवारी तिचा मुलगा संघपाल मलकापूरहून सकाळीच आला. वीज कंपनीत लाइनमन होता. आल्या आल्या म्हणाला, "माय, आज पाला राहू दे. चांगलं लुगडं नेस. वावर पाहाले जायचं हाय."

"त्या वावराले मी तुह्या जन्माच्या आधीपासून पाहून राह्यली," रुख्मिणी म्हणाली. "त्यात काय पाहाचं?"

खाटेवर पेपर घेऊन बसलेले संघपालचे वडील गुलाबराव चष्म्यावरून म्हणाले, "तू नाही पाहाचं, वावर तुले पाहणार हाय. नवरी पसंत पडते का नाही ते पाहाले धुऱ्यावरचे लोकं बसणार हायेत. डोक्यावरून पदर घेजो."

"या वयात?"

"मंग? पसंत पडली तं पडली."

तिघंही हसले. गुलाबरावांचं हसणं खोकल्यात गेलं. मलकापूरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून त्यांची पाठ गेली होती, आणि छातीत जो कापूस गेला तो काही बाहेर आला नाही.

वावर होतं लक्ष्मीकांत सरांचं. सर बुलढाण्याला शाळेत शिकवून निवृत्त झालेले. वडिलोपार्जित सगळी जमीन कधीच विकून झाली होती. उरला होता तो मोताळ्याच्या रस्त्यापासून आत गेलेला बरड, मुरमाड जमिनीचा एक तुकडा. मधोमध एक कडुनिंब, कडेला विहीर. त्या विहिरीत अर्धा हिस्सा सरांचा, अर्धा शेजारच्या अन्नपूर्णाबाईंचा. कापूस तिथे गुडघ्याच्या वर येत नसे, म्हणून गावातलं कोणी तो तुकडा घ्यायला तयार नव्हतं. पण शेळ्यांना काय, त्यांना मुरूमही चालतो आणि काटाही चालतो. रुख्मिणी लग्न होऊन आली तेव्हापासून याच बरडावर आणि शेजारच्या अन्नपूर्णाबाईंच्या वावरात निंदायला, तण उपटायला जात होती. तिचं मागणं फार मोठं नव्हतं. मरायच्या आधी एकदा शेळ्या सोडून झाडाखाली बसावं आणि कोणी 'हट' म्हणू नये.

संघपालनं मलकापूरचा प्लॉट विकून पैसा उभा केला होता. सरांनी शब्द दिला होता. फक्त एक रीत उरली होती. त्या भागात वावर विकताना धुऱ्यावरच्या शेजाऱ्यांना आधी विचारतात. विकणारा चहा घेऊन धुऱ्यावर येतो. शेजाऱ्यानं चहा घेतला, की त्याची हरकत नाही असं समजायचं. कायद्यात ही रीत कुठे लिहिलेली नाही. म्हणून ती मोडायची कुणाची छातीही होत नाही.

*

सर आणि त्यांच्या पत्नी स्नेहलताबाई गाडीनं आले. गाडी थेट आतपर्यंत आली, कारण रस्ता होता. दोन वर्षांमागे बरडाच्या पलीकडचं वावर पुण्याच्या एका जोडप्यानं घेतलं होतं. त्यांनी तिथे बंगली बांधली, निळ्या फरशीचं पोहायचं टाकं केलं, मुलांना बसायला एक तांबडा घोडा आणून ठेवला. अन्नपूर्णाबाईंचा मुलगा समाधान यानं त्यांच्यासाठी स्वतःहून जेसीबी बोलावला आणि आपला धुरा फोडून गाडीवाट काढून दिली. घोड्याचा चारापाणीही तोच पाहायचा. मालक येत होळीला आणि दिवाळीला. बाकी वर्षभर घोडा एकटाच टाक्याभोवती फिरत असे.

त्या गाडीवाटेवरून हाकेच्या अंतरावर बरड होतं. मध्ये समाधानच्या धुऱ्याची एक पट्टी. तेवढी ओलांडली की झालं.

"राम राम, सर," समाधान म्हणाला.

"जय भीम," संघपाल म्हणाला. राम राम त्याला नव्हताच, पण तो बोलला. समाधाननं मान हलवली.

"संघपालभाऊ, परवाच्या दिवशी मोटारीचा फेज बरा करून देला, लय उपकार झाले. कांदा वाळून राह्यला होता."

स्नेहलताबाईंनी थर्मास उघडून कागदी कपांत चहा ओतला. कागदी कप आल्यापासून गावातला एक जुना प्रश्न वरवर तरी सुटल्यासारखा झाला आहे. प्यायचा आणि फेकून द्यायचा, कोणाचा कप कोणाला लागत नाही. सगळ्यांनी कप घेतले. समाधाननं आपला कप धुऱ्यावरच्या दगडावर ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"वावर घ्या, माही काही ना नाही," तो म्हणाला. "पण सर, रस्त्याचं कसं? माह्या धुऱ्यावरून वाट नाही हाय. कागदावर नाही."

"अहो, पण आम्ही वर्षानुवर्षं इथूनच येतो," सर म्हणाले.

"तुमची गोष्ट येगळी हाय, सर."

"अन् पुण्यावाल्यायची?" संघपालनं विचारलं. "त्यायच्यासाठी तं धुरा फोडला तुमी."

"ते पाहुणे लोकं हायेत, भाऊ. सालातून दोनदा येतात अन् जातात. तुमी रोज येसान."

समाधान खोटं बोलला नव्हता. संघपालनं पलीकडे पाहिलं. घोडा कुंपणावरून मान काढून उभा होता.

"म्हणजे घोड्याले रस्ता हाय, बकरीले नाही."

"वाकडं काऊन घेता बे?" समाधानचा आवाज चढला. "मी जातीचं एक अक्षर काढलं काय? रस्त्याचं बोलून राह्यलो मी, रस्त्याचं!"

"बरं, बरं," सर म्हणाले. त्यांनी रुमालानं मान पुसली. गावात आले की सर नेहमी असेच होत; बुलढाण्याच्या घरी संघपालला स्वयंपाकघरापर्यंत आत बोलावणारे, आपल्याच ताटातली चकली देणारे सर इथे आले की उगाच आभाळाकडे पाहत. "काहीतरी मधला मार्ग काढू."

गुलाबराव धुऱ्यावर बसले होते. ते रुख्मिणीला हळूच म्हणाले, "चाल, घरी जाऊ. मले आता भांडाची ताकद नाही राह्यली." रुख्मिणीलाही नव्हती. ऊन डोक्यावर आलं होतं. सकाळपासून तिनं काही प्यायलं नव्हतं. चहा घशाखाली गेला आणि तहान आणखी वाढली.

तेव्हाच विहिरीकडून हाक आली. "अवं रुख्मा! उन्हात काय उभी राह्यली? ये इकडं, पाणी पे."

अन्नपूर्णाबाई विहिरीच्या ओट्यावर उभी होती. दोघींचं वय एकच. निंदणाच्या ओळीत दोघी शेजारी बसत. अन्नपूर्णाबाई मालकीण होती तरी हात चालवायची, आणि तिची गाणी सगळ्या बायकांपेक्षा वरच्या पट्टीत असत. संघपालच्या वेळी रुख्मिणीला वावरातच कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला बैलगाडीत घालून घरी पोचवणारी अन्नपूर्णाबाईच. हे सगळं खरं होतं.

रुख्मिणी गेली. ओट्याला तीन पायऱ्या होत्या. पायऱ्यांच्या खाली दगडी डोण होती, जनावरांना पाणी पाजायची. रुख्मिणी डोणीपाशी थांबली, थोडी वाकली, दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाला लावली आणि वर पाहिलं. अन्नपूर्णाबाईनं बादली कलती केली. पाण्याची धार ओंजळीत पडू लागली.

पाणी गार होतं. रुख्मिणी डोळे मिटून पीत होती. मनगटांवरून, कोपरांवरून ओघळ उतरत होते. तहान भागली. तिनं डोळे उघडले. संघपाल पाहत होता. रागानं नव्हे. लहानपणी जत्रेत हरवला होता तेव्हा सापडल्यावर जसा पाहत होता, तसा.

मग तिनं आपल्या हातांकडे पाहिलं.

कोणी तिला 'खाली थांब' म्हटलं नव्हतं. कोणी 'ओंजळ कर' म्हटलं नव्हतं. ती आज मजुरीला आली नव्हती. अर्धी विहीर तिच्या मुलाच्या नावावर व्हायची होती, ती पाहायला चांगलं लुगडं नेसून आली होती. पाय आपले डोणीपाशी थांबले, आणि हात तिला न विचारता पुढे झाले. इतकी वर्षं तथागताच्या फोटोपुढे ज्या हातांनी ती फूल वाहत होती, ते हेच हात.

समाधानचा चेहरा मात्र सैल झाला. त्यानं दगडावरचा कप उचलला. चहा निवला होता तरी त्यानं एक घोट घेतला.

"पाहा, हे असं असलं तं कोण नाही म्हणते?" तो आता खरंच प्रेमानं बोलत होता. "मावशी जुन्या मानूस हायेत, त्यायले समजते. रस्ता घ्या, मी देतो. विहिरीचं जसं चालत आलं तसं चालू द्या. ओट्यावर चढाचं काही काम नाही, मी पाईप टाकून डोणीत पाणी सोडतो. तुमच्या शेळ्यायलेही सोपं. मावशीले पायजे तवा माय हायेच वर."

"चला! निघाला की मार्ग," सर म्हणाले. स्नेहलताबाईंनी थर्मास बंद केला.

गुलाबराव जमिनीकडे पाहत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. आयुष्यभर थकलेल्या माणसाला रस्ता मिळाला तर तो कोणत्या अटीवर मिळाला हे विचारवत नाही. त्यांना दोष देणाऱ्यानं आधी कापसाची गाठ उचलून पाहावी.

संघपाल काही बोलायच्या आत रुख्मिणीनं पदरानं तोंड पुसलं.

"समाधान, बाप्पा, तुहा रस्ता राहू दे तुह्यापाशी."

"मावशी?"

"वावर घ्याचं हाय आमाले, सर. रस्त्याबिगर घेतो. मी खालच्या नाल्यातून येईन, शेळ्यायले नाला नवा नाही. पण एक सांगून ठेवते. मंग म्हणसान का बुढीनं फसवलं."

ती पायऱ्यांपाशी गेली. पहिली पायरी चढताना तिनं गुडघ्यावर हात ठेवला. दुसरी चढताना लुगड्याचा काठ पायात आला. तिसरी चढून ती ओट्यावर उभी राहिली. अन्नपूर्णाबाई दोन पावलं मागे सरली. मुद्दाम नाही, तिचेही पाय तिला न विचारताच हलले. रुख्मिणीला ते दिसलं आणि तिला राग यायच्या ऐवजी फार शीण आला.

तिनं बादली विहिरीत सोडली, गडगडीवरून दोर ओढला आणि वाकून बादलीलाच तोंड लावून प्यायली. बादली खाली ठेवून म्हणाली, "हे असं पेईन मी. रोज."

समाधाननं कप फेकला. "सर, तुमी पाहा आता. रस्ता बंद म्हणजे बंद."

"मी फोन करतो, गुलाबराव," सर म्हणाले आणि गाडीकडे वळले. जाताना ते संघपालच्या खांद्यावर थोपटून गेले. पण गाडीच्या पलीकडच्या बाजूनं, जिथून समाधानला दिसलं नसतं.

*

सरांचा फोन बरेच दिवस आला नाही. पुण्याच्या लोकांना बरड विचारून झालं, त्यांना मुरूम नको होता. रस्ता नसलेला तुकडा दुसरं कोण घेणार? शेवटी पाडव्याच्या आसपास खरेदी झाली. मोताळ्याच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली सर रुख्मिणीजवळ आले. आवाज खाली करून म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही फार बरोबर केलंत, रुख्मिणीबाई. मला मनापासून पटलं."

"मंग तितंच काऊन नाही बोलले, सर?"

सर चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. "माझं वैयक्तिक काही नाही हो," ते म्हणाले. "पण गावाचं..."

रुख्मिणीनं पुढचं ऐकलं नाही. माणूस वाईट नव्हता. तेच तर जड होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

समाधाननं धुऱ्यावर बाभळीच्या फांद्या रचून वाट बंद केली. संघपालनं धुऱ्यावरून वाट मिळावी म्हणून तहसीलमध्ये अर्ज केला. साहेब येऊन जागा पाहून गेले. पुढची तारीख पडली, मग तिच्यापुढची. मधल्या काळात वादळानं गावची लाइट गेली, तेव्हा समाधानचाच फोन आला, "संघपालभाऊ, तेवढं पाहा नं." संघपाल गेला, खांबावर चढला, तार जोडली. घरी येऊन बुटाचे बंद सोडताना आईला म्हणाला, "खांबावर चढलेला चालते त्यायले. ओट्यावर चढलेला नाही चालत."

"मंग काऊन गेला?"

"नोकरी हाय, माय. अन् कांदा तं कांदाच हाय. त्याचा काय गुन्हा?"

रुख्मिणी रोज नाल्यातून शेळ्या घेऊन जाई. नाल्यातले गोटे तापलेले असत, चपलेतून चटका लागे. वर चढण होती. तिथे ती शेळीच्या पाठीवर हात ठेवून चढायची. मग कडुनिंबाखाली बसायची. 'हट' म्हणणारं कोणी नव्हतं. पण बोलणारंही कोणी नव्हतं. ती आली की शेजारच्या वावरातल्या बायका ओळ बदलून पलीकडच्या टोकाला निंदायला लागत. विहिरीवर जो कोणी असेल तो उतरून जाई. तिनं मागितलं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ते मिळूनही तिची पाठ संध्याकाळी पूर्वीइतकीच दुखत होती.

वैशाखातली एक दुपार. लाइट नव्हती, मोटारी बंद होत्या. गावात लग्न होतं, वावरं रिकामी. अन्नपूर्णाबाई एकटीच कांद्याच्या ढिगाची राखण करायला आली होती. तिनं आणलेला पाण्याचा डबा कुत्र्यानं सांडवला होता. चक्कर आल्यासारखं झालं म्हणून ती विहिरीकडे आली आणि पायऱ्या न चढता खाली डोणीच्या दगडावरच बसली. दोर ओढायचं बळ तिच्या हातांत राहिलं नव्हतं.

रुख्मिणी ओट्यावर होती, शेळ्यांसाठी पाणी काढत.

"रुख्मा," अन्नपूर्णाबाई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती तिच्याशी बोलत होती. "घोटभर पाणी दे वं, माय."

आणि तिनं ओंजळ केली. वाळलेल्या, कांद्याच्या सालीसारख्या पातळ कातडीचे हात तोंडाला लावून तिनं वर पाहिलं.

रुख्मिणीनं पिशवीतला आपला तांब्या काढून बादलीत बुडवून भरला. ती कडेला आली. तिनं खाली ते हात पाहिले. तिला ओतावंसं वाटलं, हेही खरं. दयेनं वाटलं आणि थोडं सूडानंही वाटलं, आणि दोन्हीची तिला एकदमच लाज वाटली.

"मी वतत नाही, बाई," ती म्हणाली. "तुमच्या वंजळीत नाही अन् कोणाच्याच नाही. तांब्या हा इथं ठेवला. वर या, मी हात देते. माह्या बाजूले बसा अन् तोंडाले लावून प्या."

"माह्यं काही नाही वं," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "तू मले परकी हाय काय? घरच्यासारखीच हाय तू. पण समाधान... लोकं..."

तिनं मान वळवून गाडीवाटेकडे पाहिलं. वाट रिकामी होती. टाक्याच्या कडेला घोडा तेवढा उभा होता.

रुख्मिणीनं हात पुढे केला. तो तसाच राहिला. मग तिनं तो मागे घेतला, भरलेला तांब्या ओट्याच्या कडेला, बसल्या जागेवरून हात पोचेल असा ठेवला, आणि शेळ्या घेऊन बरडाच्या पार खालच्या अंगाला गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बाई तहानेली राहिली असती.

उन्हं कलल्यावर ती विहिरीवर परत आली. अन्नपूर्णाबाई गेली होती. तांब्या ओट्यावर होता. रिकामा, आतून-बाहेरून विसळून पालथा घातलेला, आपल्या घरात पाणी प्यायल्यावर घालतात तसा. दगडावर त्याचं ओलं कडं अजून वाळलं नव्हतं.

बाई प्यायली होती. कोणी पाहत नसताना.

रुख्मिणी तांब्या हातात घेऊन थोडा वेळ ओट्यावर बसली. तिला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण सरही तिला कडुनिंबाखाली, आवाज खाली करूनच म्हणाले होते, बरोबर केलंत म्हणून. या गावात तिच्या बाजूचे लोक पुष्कळ असतील असं तिला वाटलं. सगळे असेच, कोणी नसताना.

शेळ्या ओरडायला लागल्या तशी ती उठली. तांब्या तिनं रोजच्यासारखा पिशवीत टाकला नाही. ओट्याची पलीकडची, गाडीवाटेकडची कडा होती तिथे नेऊन ठेवला. उद्यापासून तो भरून तिथेच ठेवायचा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. पुण्याच्या गाडीतूनही दिसेल असा.